पुरी, फुरी आणि 'मला दुखतंय' : जॉर्जियन-रशियन शिकवणारी पुस्तकं कुणासाठी लिहिलेली असतात?

गेल्या उन्हाळ्यात ओळखीतली एक मुलगी माझ्याकडे आली. त्बिलिसीला, म्हणजे जॉर्जियाच्या राजधानीत, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिथं वर्गातलं शिकवणं इंग्रजीत चालतं, पण वॉर्डात खाटेवर पडलेल्या आजीबाईंना इंग्रजी येत नाही. त्या जॉर्जियनच बोलणार. म्हणून या मुलांना जॉर्जियनचेही तास असतात. मी बरीच वर्षं रशियन शिकवते आणि मागची काही वर्षं जॉर्जियनच्याही नादी लागले आहे, हे तिच्या आईने सांगितलं असावं. इंग्रजीतून जॉर्जियन शिकवणारं एक पुस्तक, झेरॉक्स काढून स्पायरल बांधलेलं, घेऊन ती आली. एका पानाच्या समासात तिने पेन्सिलीने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं.

त्या पानावर 'दुखणे' हे क्रियापद होतं. ज्याला दुखतं तो वाक्याचा कर्ता का नाही, तो चतुर्थीत का जातो, क्रियापद त्याच्याशी उलट्या बाजूने कसं जुळतं, याचा खुलासा दोन पानभर चालला होता.

मी तिला विचारलं, "पोट बिघडलं की आईला काय सांगतेस?"

"मला दुखतंय."

"'मी दुखते' असं म्हणतेस का कधी?"

"काकू, असं कोण म्हणेल?"

मग झालं की! जॉर्जियनमध्ये 'म्त्कीवा' म्हणजे मला दुखतंय. सुरुवातीचा 'म' म्हणजे मला. त्या जागी 'ग' आला की 'ग्त्कीवा', तुला दुखतंय. 'स' आला की 'स्त्कीवा', त्याला किंवा तिला दुखतंय. शेवटी 'थ' जोडला की आदरार्थी 'तुम्हाला'. आणि 'रा' या शब्दाचा अर्थ 'काय'. तेव्हा पेशंटला विचारायचं: 'रा ग्त्कीवाथ?' काय दुखतंय तुम्हाला? भूक लागली तर 'म्शिया', तहान लागली तर 'म्त्सकुरिया', थंडी वाजली तर 'म्त्सिवा'. या सगळ्यांत तोच 'म', आपला 'मला'.

दोन पानांचा खुलासा तिच्यासाठी दोन ओळींत संपला. त्या पुस्तकात चूक काहीच नव्हती. ते इंग्रजी बोलणाऱ्यासाठी लिहिलेलं होतं, एवढंच. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला 'असतो' आणि स्वतःच थंड 'असतो', म्हणून लेखकाला तिथे दोन पानं खर्चावी लागली. परभाषा शिकवणारं पुस्तक त्या भाषेबद्दल जितकं असतं, तितकंच शिकणाऱ्याच्या तोंडात आधीपासून काय आहे याबद्दलही असतं. ही गोष्ट लक्षात आली की पुस्तक निवडणं आणि वापरणं दोन्ही सोपं होतं. म्हणून हा लेख.

मातृभाषेचं पुस्तक, परभाषेचं पुस्तक

जॉर्जियात याकोब गोगेबाश्विली हे नाव लहान मुलालाही माहीत असतं. 1876 साली त्यांनी 'देदा एना' नावाची बालपोथी काढली. 'देदा' म्हणजे आई, 'एना' म्हणजे भाषा. पोथीचा पहिला धडा दोन अक्षरांचा आहे, आ आणि इ. या दोन अक्षरांतून लगेच वाक्य तयार होतं: 'आइ इआ'. हे बघ व्हायोलेटचं फूल. पुढे एकेक अक्षर वाढत जातं, आणि प्रत्येक नवा शब्द आधी शिकलेल्या अक्षरांतूनच बनतो. आपल्याकडे 'अ आ इ ई' बाजूला ठेवून 'ग म भ न' पासून गिरवायला लावायची पद्धत होती, तिच्यामागेही असाच विचार आहे: वर्णमालेचा क्रम एक आणि शिकायचा क्रम दुसरा.

हीच पोथी माझ्या या मुलीच्या हातात दिली तर फारसा उपयोग नाही. जॉर्जियन मुलाला 'इआ' म्हणजे काय ते माहीत असतं, अक्षर तेवढं माहीत नसतं. परदेशी माणसाचं नेमकं उलटं. अक्षर-बाराखडी ही कल्पना त्याला पक्की ठाऊक असते. 33 आकार तो आठवड्याभरात गिरवून मोकळा होतो, शिवाय जॉर्जियनमध्ये मोठी लिपी-छोटी लिपी अशी भानगडही नाही. पण शब्द एकही येत नाही. हौशी लोक परदेशातून पहिलीचं पुस्तक विकत आणतात आणि चौथ्या धड्यावर अडतात, त्याचं कारण हेच.

गोगेबाश्विलींनी दुसरं काम केलं ते माझ्या दृष्टीने तितकंच मोठं आहे. जॉर्जिया तेव्हा झारच्या साम्राज्यात होता आणि शाळांमध्ये रशियन पहिल्यापासून, तीही मुलांच्या भाषेचा आधार न घेता शिकवावी असा सरकारी आग्रह होता. शिक्षकाने वस्तू उचलून दाखवायची, रशियन नाव उच्चारायचं, मुलांनी ते म्हणायचं. जॉर्जियन शब्द मध्ये आणायचा नाही. जॉर्जियन लोक या पद्धतीला 'मुकी पद्धत' म्हणायचे, कारण मूल वर्गात मुकंच बसायचं. गोगेबाश्विलींनी तिच्याविरुद्ध लेखणी चालवली आणि नुसता विरोध करून न थांबता 1887 मध्ये जॉर्जियन मुलांना जॉर्जियनच्या आधाराने रशियन शिकवणारं पुस्तक काढलं. त्यांना रशियन नको होतं असं नाही. मुलाला जे येतं त्याच्या पायरीवर उभं करून त्याला वर न्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हा वाद आजही संपलेला नाही. 'वर्गात फक्त शिकायचीच भाषा बोला' असं अभिमानाने सांगणारे क्लास आपल्या गावात किती तरी आहेत.

पहिलं छापील पुस्तकच शब्दकोश

जॉर्जियन अक्षरं कोरलेले शिलालेख पाचव्या शतकापासून सापडतात. पण त्या अक्षरांचा छापखान्यातला जन्म 1629 चा, आणि तोही रोममधला. त्या वर्षी तिथे एक वर्णमालेची पुस्तिका आणि एक जॉर्जियन-इटालियन शब्दकोश छापला गेला. कोशात तीन हजारांवर शब्द होते. म्हणजे जॉर्जियनमधलं पहिलं छापील साहित्य हे परक्यांना जॉर्जियन शिकता यावं म्हणून केलेलं होतं. इटालियन संपादक स्तेफानो पाओलिनी यांच्या शेजारी बसून शब्द पुरवणारा माणूस होता निकोलोझ चोलोकाश्विली, ज्याला युरोपात निकिफोर इर्बाख म्हणत. जॉर्जियन राजा पहिला तेइमुराझ याने त्याला इराणच्या शाहविरुद्ध मदत मागायला युरोपात पाठवलं होतं.

तेइमुराझची आई म्हणजे राणी केतेवान. धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 मध्ये शिराझला तिचे हाल करून तिला मारण्यात आलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतला काही भाग 1627 मध्ये गोव्यात आणला. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा आहे ना, त्या मठात. तिथल्या उत्खननात मिळालेल्या हाडाची हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली आणि 2021 मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला भेट दिला. मनोऱ्याची ती जागा पाहताना मला दर वेळी वाटतं: आईच्या अस्थी आपल्या किनाऱ्यावर पुरलेल्या, आणि दोनच वर्षांनी मुलाचा वकील रोमच्या छापखान्यात 'पाव', 'पाणी', 'घर' यांचे जॉर्जियन शब्द जुळाऱ्याला सांगत बसलेला. त्याच काळात गोव्यात फादर स्टीफन्स कोंकणीचं व्याकरण लिहून गेले होते. ते 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं. तेही परदेशी पाद्र्यांना भाषा शिकता यावी म्हणूनच. परभाषेची पहिली पुस्तकं बहुधा अशीच निघाली: कुणाला धर्म सांगायचा होता, कुणाला व्यापार करायचा होता, कुणाला मदत मागायची होती.

जॉर्जियाच्या शिक्षण खात्याने परदेशी लोकांना जॉर्जियन शिकवण्याचा कार्यक्रम काढला तेव्हा त्याला या इर्बाखचंच नाव दिलं. त्या प्रयत्नांतून निघालेल्या पाठ्यपुस्तकांची नावंही मला फार आवडतात. एक 'बिलिकी', म्हणजे पायवाट. दुसरं 'आग्मार्थी', म्हणजे चढण.

रशियन : पुस्तकं उदंड

रशियनची गोष्ट वेगळी, कारण तिथे मागे मोठी सत्ता होती. 1960 मध्ये मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ निघालं. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतली मुलं तिथे इंजिनिअर, डॉक्टर व्हायला जायची, आणि आधी एक वर्ष नुसती रशियन शिकायची. एका वर्गात दहा देशांची मुलं. कोणत्या मातृभाषेचा आधार घेणार? त्यामुळे सगळंच रशियनमधून, चित्रं आणि छोट्या संवादांच्या जोरावर शिकवणारी पुस्तकं तयार झाली. 1966 मध्ये पुश्किनच्या नावाच्या संस्थेची सुरुवात झाली आणि 'परदेशी भाषा म्हणून रशियन' हे एक स्वतंत्र शास्त्रच उभं राहिलं. त्या शास्त्रातली दोन साधनं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं, शब्दांची ठरलेली यादी. परदेशी शिकणाऱ्यांसाठी जी पायऱ्यापायऱ्यांची रशियन परीक्षा आहे, तिच्या सर्वांत खालच्या पायरीसाठी 780 शब्द, दुसरीसाठी 1300, तिसरीसाठी 2300. कुठले, तेही ठरलेलं. त्यामुळे पुस्तक लिहिणारा 'मांजर' आधी घेऊ की 'रेल्वे स्टेशन' यावर अडून बसत नाही, आणि तुम्हालाही आपण कुठे आहोत ते कळतं. नवं पुस्तक घ्याल तेव्हा ते कोणत्या पायरीचं आहे ते मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर बघून घ्या.

दुसरं, आघाताची खूण. रशियन शब्दात कोणत्या स्वरावर जोर द्यायचा हे लिहून दाखवलेलं नसतं, आणि जोर हलला की अर्थ बदलतो. 'झामक' असं पहिल्या स्वरावर जोर देऊन म्हटलं तर किल्ला, 'झामोक' असं दुसऱ्यावर दिलं तर कुलूप. लिहायचं दोन्ही एकच. जोर नसलेला 'ओ' तर 'आ'सारखा होतो. दुधाला लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मालाको'. शिकण्याच्या पुस्तकांत जोराच्या स्वरावर छोटी तिरपी रेघ छापलेली असते. वर्तमानपत्रात ती नसते. पुस्तकावर दोन वर्षं पोसलेला विद्यार्थी पहिल्यांदा वर्तमानपत्र उघडतो आणि त्याला पोहता येत असूनही काठ दिसेनासा होतो. त्यावर माझा उपाय साधा आहे: तिसऱ्या महिन्यापासून धडा खूण नसलेल्या कागदावर उतरवून काढायचा, आणि खुणा स्वतः द्यायच्या.

आता मराठी माणसाला रशियनमध्ये फुकट काय मिळतं ते बघा. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकात लिंगावर एक अख्खा धडा असतो. आपल्याला तो, ती, ते. त्यांना 'ओन', 'अना', 'अनो'. हिंदीत दोनच लिंगं, आपल्याकडे पुरी तीन. भूतकाळात तर गंमतच आहे. आला, आली, आलं: 'प्रिशोल', 'प्रिश्ला', 'प्रिश्लो'. आपला 'ल' आणि त्यांचा 'ल' एका आईचे असा दावा मी करणार नाही, वाटा वेगळ्या आहेत. पण कारण दोन्हीकडे एकच आहे: ही रूपं मुळात विशेषणासारखी होती, म्हणून ती लिंगाप्रमाणे बदलतात. इंग्रज विद्यार्थ्याला 'बाई गेली की क्रियापद का बदलतं' हे समजायला आठवडा लागतो. माझ्या वर्गात एकही मराठी मूल यावर अडलेलं मी पाहिलं नाही.

विभक्तींचंही तसंच. रशियनमध्ये सहा. शाळेत 'देवः देवौ देवाः' म्हटलेल्या माणसाने घाबरायचं कारण नाही. त्यांच्या पुस्तकातला क्रम मात्र वेगळा असतो: प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, तृतीया, आणि शेवटी सप्तमीसारखी एक. पंचमीचं बरंचसं काम षष्ठी करते. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की पुढचे सगळे तक्ते ओळखीचे वाटायला लागतात. द्वितीयेतला एक बारकावा तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. 'मी घर बघतो', पण 'मी भावाला बघतो'. निर्जीवाला प्रत्यय नाही, सजीवाला 'ला'. रशियनमध्ये 'वीझू दोम', घर बघतो, 'दोम' तसाच. आणि 'वीझू ब्राता', भावाला बघतो, 'ब्रात'चा 'ब्राता' झाला. इंग्रजीतल्या पुस्तकांत हा भाग अपवादासारखा येतो. आपण तो दिवसभर वापरतो.

नात्यांचे शब्द बघितले की मला दर वेळी आनंद होतो. सुनेला 'स्नोखा', संस्कृत स्नुषा, म्हणजे आपली सून. नवऱ्याच्या भावाला 'द्येव्येर', संस्कृत देवर, आपला दीर. सासूला 'स्व्येक्रोव', संस्कृत श्वश्रू. शहरातल्या बोलण्यात यांतले काही मागे पडलेत, पण कोशात आहेत. रशियन आणि संस्कृत एकाच मोठ्या कुटुंबातल्या दूरच्या बहिणी आहेत, एवढंच यातून सिद्ध होतं. 'रशियन म्हणजे संस्कृतच' असे जे संदेश मोबाईलवर फिरतात, त्यांच्यावर विसंबून शिकायला बसाल तर पहिल्याच महिन्यात निराश व्हाल.

कठीण जागा कुठे? जाण्याची क्रियापदं. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं. 'या इदू व इंदियू' म्हटलंत तर रशियन माणूस समजेल की तुम्ही चालत भारतात निघालात. 'येदू' म्हणायला हवं. आणि क्रियापदांच्या जोड्या: 'चिताल' म्हणजे वाचत होतो, वाचलं, 'प्राचिताल' म्हणजे वाचून काढलं, संपवलं. इथे आपली संयुक्त क्रियापदं कामी येतात. मी मुलांना सांगते, मनात मराठीत वाक्य म्हणा. 'वाचून काढलं', 'लिहून टाकलं', 'खाऊन टाकलं' असं येत असेल तर बहुधा पूर्णतेचं रूप वापरायचं. शंभर टक्के जुळत नाही, पण उभं राहायला जमीन मिळते.

जॉर्जियन : नातं नाही, तरी घरातलं काही

जॉर्जियन रशियनच्या कुटुंबातली नाही, आपल्याही नाही. मेग्रेली, लाझ आणि स्वान या तीन भाषांखेरीज तिला जगात सख्खं कुणी नाही. पहिल्याच धड्यात धक्का बसतो: 'देदा' म्हणजे आई, आणि 'मामा' म्हणजे बाबा! पण थोडं पुढे गेलं की 'मामिदा', म्हणजे बाबांची बहीण, आणि 'देइदा', म्हणजे आईची बहीण. 'दा' म्हणजे बहीण. आत्या वेगळी, मावशी वेगळी. इंग्रजी पुस्तक दोघींना एकाच शब्दात कोंबतं आणि खाली टीप देतं. मराठी पुस्तकाला टीप लागणार नाही.

उच्चारांत आपण फार पुढे आहोत, आणि ही गोष्ट कुठलंच इंग्रजी पुस्तक सांगत नाही. जॉर्जियनमध्ये प-वर्गातले तीन आवाज आहेत. एक 'ब'. एक श्वास सोडून म्हटलेला, आपल्या 'फ'च्या जवळचा, जरासा हलका. आणि एक घसा क्षणभर बंद करून बूच उडाल्यासारखा सोडलेला 'प'. असंच द-थ-त, असंच ग-ख-क. रोमन लिपीत हे दाखवायला अक्षरांच्या डोक्यावर स्वल्पविरामासारख्या खुणा द्याव्या लागतात. देवनागरीत अक्षरं तयारच आहेत. 'पुरी' म्हणजे पाव, मातीच्या भट्टीच्या भिंतीला चिकटवून भाजलेला. 'फुरी' म्हणजे गाय. बेकरीत इंग्रजी वळणाचा 'प' काढलात तर तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडतो. आपल्या आजीसारखा 'फळ'मधला खरा 'फ' काढता आला पाहिजे, दात ओठाला न लावता. दात-ओठाचा 'फ' जॉर्जियनमध्ये नाहीच. ते लोकही 'फोटो' आपल्या खेड्यातल्यासारखाच म्हणतात.

तसाच 'च'. 'चोर'मधला च आणि 'चिमणी'मधला च आपण लिहितो एक, म्हणतो दोन. जॉर्जियनमध्ये दोन्ही आहेत, शिवाय प्रत्येकाचं बूच उडवलेलं भावंडही. 'जवळ'मधला ज आणि 'जीव'मधला ज, दोन्ही आहेत. आपल्याला खरंच नवा आहे तो घशाच्या पार तळातून येणारा 'क'. त्याचा सराव करायला जॉर्जियन मुलं आपल्या 'कच्चा पापड पक्का पापड'सारखं म्हणतात: 'बाकाकी त्सकाल्शी कीकीनेब्स', बेडूक पाण्यात डराव डराव करतो. त्यातला प्रत्येक 'क' तो खोल घशातला. 'त्सकाल्शी' मधला शेवटचा 'शी' बघा: आपला 'त'. 'त्सकाली' पाणी, 'त्सकाल्शी' पाण्यात. 'साख्ली' घर, 'साख्ल्शी' घरात. 'मागिदा' टेबल, 'मागिदाझे' टेबलावर. प्रत्यय शब्दाच्या शेपटीला, आपल्यासारखाच. रशियनमध्ये हे शब्द आधी येतात, इंग्रजीतही आधी.

आता व्याकरणातली ती जागा, जिच्यामुळे जॉर्जियन कठीण म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. 'कात्सी वाश्ल्स चाम्स': माणूस सफरचंद खातो. 'कात्समा वाश्ली शेचामा': माणसाने सफरचंद खाल्लं. कर्ता 'कात्सी'चा 'कात्समा' झाला. हा 'मा' काय? आपला 'ने'. वर्तमानकाळात नाही, भूतकाळात आहे. इंग्रजीतल्या व्याकरणांमध्ये यासाठी मोठमोठी प्रकरणं आहेत. आपण 'राम आंबा खातो' आणि 'रामाने आंबा खाल्ला' हे न शिकता बोलायला लागतो आणि पुढे शाळेत त्यालाच कर्मणी प्रयोग म्हणून मार्क मिळवतो. त्याहून नवल पुढे आहे. मराठीत 'मीने खाल्लं' म्हणत नाहीत, 'मी खाल्लं'. जॉर्जियनमध्येही 'मे' म्हणजे मी आणि 'शेन' म्हणजे तू, यांना 'मा' लागत नाही. 'मे वाश्ली शेव्चामे', मी सफरचंद खाल्लं. हजारो मैलांवरच्या, कसलंही नातं नसलेल्या भाषेत आपल्या घरातली ही खोड दिसली, त्या दिवशी मी वही मिटून कितीतरी वेळ नुसती बसून होते.

खड्डाही इथेच आहे, तो सांगते. 'मूल रडलं' यात आपण 'ने' लावत नाही. जॉर्जियन लावते: 'बाव्श्व्मा इतिरा', शब्दशः 'मुलाने रडलं'. खेळणं, रडणं, काम करणं अशा क्रियापदांशी 'मा' येतो. मराठीच्या भरवशावर चालणारा इथे हमखास ठेचकाळतो. आणि क्रियापद आपल्याकडे कर्माप्रमाणे बदलतं, त्यांच्याकडे कर्त्याची खूण सोडत नाही. 'शेव्चामे' मधला 'व' म्हणजे मी.

मोजायलाही आपल्याकडे एक जुनी चावी आहे. खेड्यातल्या बायका विसांत मोजायच्या, 'तीन विसा न् पाच'. जॉर्जियन अजून तसंच मोजते. 'ओत्सी' वीस, चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा, आणि 99 म्हणजे चार विसा आणि एकोणीस.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती क्रियापदं कोशात शोधण्याची कला. 'दाव्त्सेरे' असं कुठे वाचलंत आणि कोशात 'दा' खाली गेलात तर सहसा काही हाती लागणार नाही. सोलावं लागतं. 'दा' हा उपसर्ग, काम पुरं झाल्याचा. 'व' म्हणजे मी. शेवटचा 'ए' काळाचा. उरला धातू 'त्सेर', लिहिणे. मी लिहून काढलं. 'मोग्त्सेर' आलं तर 'मो' म्हणजे ऐकणाऱ्याकडे, 'ग' म्हणजे तुला: तुला लिहून कळवीन. नेहमीच्या कोशांत 'त्सेरा', लिहिणं, हे नाम दिलेलं असतं, आणि धातूपर्यंत पोचणं वाचणाऱ्यावर सोडलेलं असतं. झ्यूरिकमध्ये राहून किता चेंकेली यांनी जर्मन वाचकांसाठी जो प्रचंड कोश हाती घेतला, त्यात त्यांनी क्रियापदं धातूंखाली लावली. ते 1963 मध्ये गेले, सहकाऱ्यांनी 1974 मध्ये काम पुरं केलं. धातू, उपसर्ग, प्रत्यय ही भाषा आपल्याकडे शाळकरी मुलालाही कळते, म्हणून मराठीतून जॉर्जियन शिकवायचं पुस्तक कधी झालं तर त्याच्या मागे असाच धातुकोश असावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शेवटी एक लहानसा 'ओ'. 'मोवा' म्हणजे येईल. 'मोवाओ' म्हणजे येणार म्हणे. दुसऱ्याचं बोलणं सांगताना शब्दाला 'ओ' चिकटतो. इंग्रजीत याला सुटसुटीत शब्द नाही. आपल्याकडे 'म्हणे' आहे.

पुस्तकं कमी का, आणि हाती आलेल्याचं काय करायचं

जॉर्जियाची लोकसंख्या 40 लाखांच्या आत. सोव्हिएत काळात तिथे बाहेरून आलेल्याचं काम रशियनवर भागायचं, त्यामुळे परक्याला जॉर्जियन शिकवायची कुणाला निकड नव्हती. उलट 14 एप्रिल 1978 रोजी जॉर्जियनचा राज्यभाषेचा दर्जा काढायचा घाट घातला गेला तेव्हा त्बिलिसीत हजारो लोक रस्त्यावर आले आणि तो दर्जा टिकला. हा दिवस आता तिथे मातृभाषा दिन आहे. 1991 मध्ये स्वातंत्र्य आलं आणि प्रश्न घरातच उभा राहिला: देशातल्या आर्मेनियन आणि अझरबैजानी मुलांना जॉर्जियन कशी शिकवायची? 2010 पासून अशा मुलांनी प्रवेश परीक्षा आपल्या भाषेत द्यायची, एक वर्ष जॉर्जियन शिकायचं आणि मग चार वर्षांची पदवी घ्यायची, अशी सोय झाली. चांगल्या पाठ्यपुस्तकांची गरज तिथून वाढली. इंग्रजीत त्याआधी जी होती, 1982 चं ॲरनसन यांचं, 1995 चं ह्यूइट यांचं, ती भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला सोन्यासारखी आहेत, पण वॉर्डात उभ्या असलेल्या मुलीसाठी ती लिहिलेली नाहीत.

म्हणून त्या मुलीला मी नवं पुस्तक घ्यायला सांगितलं नाही. स्पायरलच्या त्याच झेरॉक्सच्या समासात आम्ही चार दुपारी बसून मराठी लिहिलं. जिथे लेखक दोन पानं समजावतो तिथे एक ओळ: 'मला दुखतंय'. जिथे तो एका ओळीत निघून जातो, कारण इंग्रजाला ते सोपं असतं, तिथे आपल्यासाठी लाल खूण: 'मुलाने रडलं, सावध'. उच्चारांच्या पानावर रोमन खुणा खोडून प, फ, ब. नात्यांच्या पानावर आत्या आणि मावशी. ध्वनिफिती होत्या त्या तिने मोबाईलवर घेतल्या. मी तिला लिपीकडे न बघता आधी दहा वेळा ऐकायला लावलं, कारण तो खोल घशातला 'क' डोळ्यांनी कुणालाच आलेला नाही.

सप्टेंबरात ती परत गेली. एका संध्याकाळी तिचा मेसेज आला. वॉर्डात डॉक्टरांची वाट बघत बसलेल्या पेशंटच्या मुलाला कुणीतरी दारातून सांगून गेलं होतं: 'एखिमी मोवाओ'. डॉक्टर येणार म्हणे. खाली तिने लिहिलं होतं, "काकू, 'म्हणे' ऐकू आलं."